झाकण लावलेला लॅपटॉप आणि ओली मिश्री

भुताखेतांचे किस्से मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो. वरवंडला हायवेलगत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते म्हणजे गिऱ्हाइकाचा घाणेरडेपणा.

माझी बहीण सुनीता मांडवगण फराट्याला दिलेली. तिला घरबसल्या ऑनलाइन काम मिळालं. सकाळी तिकडे लाईट नसते, म्हणून सगळी भिस्त बॅटरीवर. पाटसकडच्या एका ऑफिसातला जुना लॅपटॉप मीच तिला आणून दिला. तर रात्री फुल चार्ज करून झाकण लावायचं आणि सकाळी बॅटरी शून्य... आणखी एक खाडा झाला असता तर काम गेलं असतं.

"दादा, ह्यो झोपतच न्हाई बघ. आन् वास बी मारतोय."

झाकण उघडलं आणि मी तोंड फिरवलं. स्पेसबारवर तंबाखूची ओली मिश्री, थुंकीसकट! त्यांच्या घरात मिश्री कुणीच लावत नाही.

दुकानात आणून कीबोर्ड स्पिरिटनं पुसला. अपडेट, वाय-फाय, जागं करणारं जे जे असतं ते सगळं बंद केलं आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद ठेवला. सकाळी पाहतो तर तव्यासारखा गरम, बॅटरी शून्य, आणि स्पेसबारवर तोच तपकिरी, ओला बोटाचा ठसा. चार्जर लावून रिपोर्ट काढला. जागं कुणी केलं? कीबोर्डने. झाकण बंद असताना!

ज्याच्याकडून घेतला त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अवो, त्यो आमच्या आप्पांचा. मिश्री लावत लावत टायपिंग करायचे. गेले की मागच्या हंगामात."

सुनीताच्या सासूबाईंना यात काहीच विशेष वाटलं नाही. "पाव्हणं, मानूस गेलं म्हनून सवय जाती व्हय? मिश्रीची डबी ठिवा शेजारी. आन् बोट पुसाया फडकं."

मला किळस आली, रागही आला. पण बहिणीचं काम जात होतं... लॅपटॉप तिच्याकडे परत नेला आणि डबी, फडकं शेजारी ठेवलं.

सकाळी बॅटरी भरलेली, कीबोर्ड कोरडा. डबीत बोट फिरलेलं, फडक्यावर ओला डाग.

सुनीताचं काम आजही चालू आहे. कारण विचाराल तर मला अजून सांगता येत नाही. तंबाखू खाणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही, आणि डबी संपली की भरून मीच देतो. फडकं धुवायला मात्र तिथं कुणी तयार नाही... तेही मीच धुतो, नाक दाबून.