शकूबाईंच्या मापाची सेटी

भिलाईत आम्हाला जे पहिलं क्वार्टर मिळालं, त्याच्या बैठकीला पाच भिंती होत्या. साधारण माणसाचं चार भिंतींत भागतं, पण इथं कुणीतरी एक कोपरा तिरपा छाटून त्याच्यामागे धान्याची कोठी काढली होती. त्या तिरप्या भिंतीपायी खोलीत एकही वस्तू धड उभी राहत नसे. टेबल लावलं की मागे तिकोनी बोळ तयार व्हायचा (त्यात एकदा शेजारची कोंबडी अडकली आणि दुपारभर तिचा आवाज कुठून येतो तेच आम्हाला कळेना). खुर्ची लावली की बसणाऱ्याचं तोंड थेट मोरीकडे. पाहुण्याला मी आधी बसवायची आणि मग खुर्चीसकट फिरवायची.

तरी मी हे सगळं मुकाट्यानं सोसलं असतं. सगळ्यांचाच संसार तेव्हा ट्रंकेवर आणि चटईवर चालला होता. पण आमच्या डाव्या हाताला शकूबाई राहत होत्या.

शकूबाई वर्ध्याकडच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या. परक्या माणसाचं सुख एकवेळ पाहवतं, आपल्या मुलखातल्या माणसाचं नाही. त्यांनी दुर्गहून सुतार बोलावून एक सेटी करून घेतली. लांब भाग सरळ भिंतीला, मग एक वळण, आणि आखूड भाग बरोब्बर त्या तिरप्या भिंतीला चिकटलेला. वर फुलाफुलांचा पलंगपोस. आणि बाई इतकी साधी की धड हेवासुद्धा करू देईना.

"काही नाही वो," म्हणायच्या, "बसापुरती केली. तुमी या ना बसाले."

गल्लीतल्या बाया रोज दुपारी तिथंच जमायच्या. स्वेटर तिथं, हरभऱ्याची भाजी निवडणं तिथं. माझ्याकडे यायच्या त्या फक्त विरजण मागायला, तेही दारातून. आमचे हे पोलादाच्या प्लांटमध्ये वेल्डर होते. घरी आले की चटईवर आडवे व्हायचे, पण शकूबाईंकडे गेले की सेटीवर पायावर पाय टाकून संस्थानच्या दिवाणासारखे बसायचे. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात दिवाळीला आम्ही नागपूरला गेलो. थोरल्या जाऊबाईंनी चार वेताच्या खुर्च्या घेतल्या होत्या. फराळाच्या आधी खुर्च्या दाखवल्या, फराळानंतर परत दाखवल्या.

"तुमच्याकडे जंगलात काय मिळंल म्हणा असं," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "खुर्च्या कोण ठेवते आता बाई? आमच्याकडे सेटी हाय. कोपऱ्याची."

ह्यांनी चकली तोंडात तशीच धरली. जाऊबाई म्हणाल्या, "हो का? मंग येतेच मी पौषात पाहाले."

परतीच्या गाडीत ह्यांनी गोंदियापर्यंत फराळाचा डबा संपवला. मग म्हणाले, "कावून बोलली तू तसं? कुठून आणशीन सेटी?"

"तुमी वेल्डर कायचे हा?" मी म्हटलं. "प्लांटातली एवढी मोठी धमनभट्टी जोडता, अन् एक सेटी नाही जोडता येत?"

हा शब्द त्यांना बरोबर लागला. डोंगरगड यायच्या आत त्यांनी लोखंडी अँगलची चौकट ठरवली, आणि दुर्ग येईपर्यंत वरच्या फळ्यासुद्धा. भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीच्या बाजारात तेव्हा प्लांटसाठी आलेल्या रशियन मशिनांच्या खोक्यांच्या फळ्या विकायला यायच्या, चांगल्या पिवळ्याधमक. प्रश्न उरला मापाचा.

"माप मी आणते," मी म्हटलं. "शकूबाईच्या सेटीचं. सुतभरही फरक नको मले."

"आपल्या खोलीचं घेतलं तर?"

"ते कायले? सगळे क्वार्टर एकाच नकाशावरचे. तुमीच तर सांगता."

"एकाच नकाशावरचे," हे मान हलवत म्हणाले. नकाशे वाचायचीच त्यांना सवय होती. त्यामुळे नकाशा म्हटलं की त्यांचा विचार थांबायचा.

मी कमरेला सुतळी खोचून शकूबाईंकडे गेले. त्या चहा टाकायला आत वळल्या तशी मी सेटीला सुतळी लावली. लांबीची गाठ मारली, रुंदीची मारली, आणि वळणाची मारायला वाकले तोच बाई दारात.

"काय झालं वो?"

"कानातली फिरकी पडली," मी म्हटलं. (दोन्ही फिरक्या कानात घट्ट होत्या.)

बाईंनी चहा तसाच ठेवला, पदर खोचला आणि सेटीखाली शिरल्या. मी वरून "तिकडं पाहा, आणखी तिकडं" करत उरलेलं माप घेतलं. आणि बाई खालून चक्क एक फिरकी घेऊन बाहेर आल्या. त्यांचीच होती, गणपतीत हरवलेली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुमच्यापायी सापडली माय," आणि मला बळेबळे दुसरा चहा पाजला. तो चहा मी नजर चुकवत संपवला, पण माप चोख आलं होतं.

ह्यांनी कॅम्पातल्या एका मित्राच्या शेडमध्ये काम काढलं. ड्यूटीवरून आले की तिकडे. मला बघायला मनाई होती. रोज भाकरी खाताना नुसतं म्हणायचे, "वेल्डिंग असं केलं हाय की भट्टी पडंल, पण सेटी नाही हालनार."

ज्या दिवशी जाऊबाई दुपारच्या पॅसेंजरनं दुर्गला उतरणार होत्या, त्याच सकाळी सेटी ठेल्यावरून घरी आली. सोबत ह्यांचे चार मित्र, कारण ती दोघांना उचलत नव्हती. मी दारावर तोरण बांधलं होतं. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून.

सेटी आत आली. लांब भाग सरळ भिंतीला लावला, तर वळण तिरप्या भिंतीकडे जायच्याऐवजी दारात आलं. एक मित्र आत अडकला आणि तीन बाहेर राहिले.

"फिरवा," हे म्हणाले.

फिरवली. आता वळण तिरप्या भिंतीला झकास बसलं, पण पाठ खोलीकडे आणि बसायची बाजू भिंतीकडे. बसणाऱ्यानं वरून उडी मारायची आणि भिंतीशी गप्पा मारायच्या.

"परत फिरवा."

परत दारात. आतला मित्र म्हणाला, "भाऊ, मले आधी बाहेर तरी काढ."

हे पंधरा वर्षांच्या अनुभवानं सेटीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "उलटी करा." आणि काय सांगू, बसली! सरळ भिंतीला सरळ, तिरप्या भिंतीला तिरपी, मधे सुपारी जायला जागा नाही. फक्त पाय वर होते.

"पाय," हे मला म्हणाले (आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'बघ'), "माप चुकलं नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शकूबाईंची कोठी आणि आमची कोठी पाठीला पाठ लावून होत्या. त्यांच्या दारातून शिरलं की तिरपी भिंत उजव्या हाताला, आमच्या दारातून शिरलं की डाव्या. नकाशा एकच होता, पण एकाआड एक घर उलटं बांधलेलं. दोन वर्षं मी दोन्ही घरांतून रोज ये-जा करत होते, पण त्या घरात गेल्यावर मला सेटीशिवाय दुसरं काही दिसलंच नव्हतं.

"तोडा अन् जोडा," मी म्हटलं.

"तुटत असती," हे अभिमानानं म्हणाले, "तर मी केलीच कायले असती?"

घड्याळ पुढं सरकत होतं आणि बैठकीत सेटी पाय वर करून मेलेल्या म्हशीसारखी पडली होती. तेवढ्यात उजव्या हाताची शेजारीण दुलारी आली. ती दुर्गजवळच्या उतईकडची, छत्तीसगढी बोलणारी. माझं तोंड पाहून तिला दया आली.

"मोर घर म राख दे न दीदी," ती म्हणाली. "सगा जाही, तहाँ ले जाबे."

पाहुणी जाईपर्यंत तिच्याकडे ठेवायची. मी तिचे हात धरले. पाच जणांनी सेटी उचलून तिच्या बैठकीत नेली, जमिनीवर टेकवली, आणि ती आपोआप सरकून कोपऱ्यात बसली. पाय खाली, पाठ भिंतीला, तोंड खोलीकडे. आमचं घर शकूबाईंच्या उलट, आणि दुलारीचं आमच्या उलट, म्हणजे थेट शकूबाईंसारखं.

"पाय!" हे ओरडले. "सुतभर फरक नाही!"

दुलारीनं बदल्यात आपली खाट आम्हाला दिली. तिच्यावर चादर अंथरतेय तोच जाऊबाईंचा टांगा दारात आला.

त्यांनी चपला काढायच्या आधी खोलीभर नजर फिरवली. खाटेवर बसल्या. खाट बरीच खाली गेली.

"कुठं हाय सेटी?"

मी तोंड उघडणार, तोच शकूबाई हजर. "वैनी, प्रवासातून आल्या, पाठ अवघडली असंल. आमच्याकडे या ना बसाले."

जाऊबाई गेल्या, सेटीवर बसल्या, वळणावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. "हीच का तुझी कोपऱ्याची सेटी?"

"ही नाही बाई," मी म्हटलं. "माझी तिकडं हाय. दुलारीकडं."

त्यांना हाताला धरून दुलारीकडे नेलं. सेटीवर तिनं एवढ्यात गोधडीसुद्धा घातली होती, आणि उतईहून आलेले तिचे सासरे त्या गोधडीवर पान चघळत पडले होते.

"सांग वो दुलारी," मी म्हटलं, "कोनाची सेटी हाय ही?"

"तोरे आय दीदी," दुलारी हसून, पदर सावरत म्हणाली. "मोर घर घलो तोरे आय."

सेटी तुझीच, आणि माझं घरसुद्धा तुझंच! झालं. जाऊबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बिचारी मनाची किती मोठी हाय. पन कमल, शेजारनीच्या चांगुलपनाचा असा फायदा घेऊ नये."

चार दिवस त्या राहिल्या. सकाळचा चहा डावीकडे, दुपारची झोप उजवीकडे, आणि रात्री तेवढं खाटेवर येऊन "कंबर धरली" म्हणायच्या. नागपूरला जाऊन त्यांनी सगळ्या गोतावळ्यात सांगितलं की भिलाई सुधारली आहे हो, घरोघरी सेटी आहे, एक आमच्या धाकटीकडेच तेवढी नाही.

त्या गेल्यावर सेटी परत आणायचा विषय मी एकदा काढला. पण आणून ठेवायची कशी, पाय वर करून? आणि दुलारीचे सासरे सेटीवरून उठायला तयार नव्हते. हे तर खूश होते. रोज ड्यूटीवरून आले की दुलारीकडे जाऊन आपलं वेल्डिंग बघत पायावर पाय टाकून बसायचे. बाया सोमवारी शकूबाईंकडे, मंगळवारी दुलारीकडे अशा वाटून बसू लागल्या, आणि दोन्हीकडे जाताना माझ्या दारातून विरजण नेऊ लागल्या.

पूर्वी मला जळायला एकच भिंत होती, आता दोन झाल्या. ह्यांच्या प्लांटातली भट्टी मधूनमधून दुरुस्तीसाठी थंड तरी करत. मी मात्र ते क्वार्टर सुटेपर्यंत तिन्ही पाळ्यांत चालू होते.