उत्तरेकडं तोंड केलेलं कासव

गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक पितळी घंगाळं होतं आणि त्यात जिवंत कासव. तळहाताएवढं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं. त्याचं तोंड उत्तरेला ठेवा, दुकानाला बरकत येईल, असं सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कासवाला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं पाण्यात फिरायचं आणि गिऱ्हाईक नसलं की सासरे बोटानं त्याला पुन्हा उत्तरेला वळवायचे.

दर गुरुवारी सासूबाई त्याच्या पाठीला खोबरेल चोळून हळदकुंकू वाहायच्या, पेढ्याचा तुकडा पाण्यात सोडायच्या. एकादशीला त्यालाही उपास. पाणी तांबूस, तेलकट व्हायचं आणि त्याच पाण्यात ते दिवसभर. चढून कोरडं व्हायला साधी वीट नाही. ऊन यायचं ते समोरच्या दारातून, पण दार दक्षिणेला; तिकडं ते वळलं की बोटानं परत उत्तरेला.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. माहेरी कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. ऐकणाऱ्याला हा गर्व वाटतो. वाटू दे, आहेच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, याला ऊन पाहिजे, पेढा नको. सासूबाई गिऱ्हाइकांकडं बघून म्हणाल्या, "सूनबाई लई शिकलेल्या हायेत आमच्या. पण शेवटी मेंढरं राखणाऱ्याचीच लेक, जनावरातच जीव." बायका हसल्या. मी गप्प बसले, आणि पुढं वर्षभर गप्पच राहिले.

थंडीत कासवानं खाणं सोडलं. डोळे सुजून मिटले. सासूबाई म्हणाल्या, ध्यानाला बसलंय. ते बघायला शेजारचे दुकानदार येऊन हात जोडून जायला लागले. एका दुपारी मी त्याला उचललं, तर पाठीची कड अंगठ्याखाली वाकली. ओल्या पुठ्ठ्यासारखी. माहेरी फुलंब्रीकडं माझे वडील मेंढरू मलूल दिसलं की आधी त्याचा डोळा उघडून बघायचे. इथं डोळा मिटला तर लोक नमस्कार करत होते.

नवरा म्हणाला, दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वस्तूला हात लावू नको. वस्तू. मी ते डब्यात घातलं आणि रिक्षा केली.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मला "पेढा" म्हणावं लागलं. त्यांनी कासवावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"शिकलेल्या दिसता तुम्ही."

सासूबाईंचे सगळे टोमणे एका पारड्यात टाकले तरी हे जड होतं.

त्यांनी इंजेक्शन दिलं, डोळ्यांचे थेंब दिले. रोज ऊन, रोज स्वच्छ पाणी, बसायला कोरडी जागा. कासवाचं दाणेदार खाद्य, पालेभाजी, अधूनमधून गांडूळ. पाठ टणक व्हायला कॅल्शियम, त्यासाठी पाण्यात समुद्रफेस, म्हणजे माकुळीचं हाड. तो मला आयुर्वेदिक दुकानात मिळाला. गच्चीवर मी टब मांडला, विटा रचल्या.

संध्याकाळी सासरे वर आले. म्हणाले, दुकान रिकामं केलंस, आत्ताच्या आत्ता खाली आण.

मी म्हटलं, "मामंजी, बरकत पाहिजे तर पितळेचं आणा. त्याला डोळेच नसतात, फुटायची भीती नाय."

असं त्या घरात कुणी बोललं नव्हतं. ते खाली गेले. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, मीही त्याला बोलायला लावलं नाही.

तीन आठवडे मी थेंब घातले. शेवटी डावा डोळा उघडला आणि त्यानं चिमट्यातलं गांडूळ ओढून घेतलं. त्या गुरुवारी सासूबाई ताट घेऊन वर आल्या. त्यांनी नवस बोलला होता, तो पावला म्हणे. मी दारात उभी राहिले आणि पाठीला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. त्या माझ्या हातचं वाढलेलं जेवत नाहीत आता. काम कमी झालं.

उजवा डोळा मात्र पांढरा पडला तो पडलाच. त्या बाजूनं कुणी खायला पुढं केलं की कासव दचकून मान आत ओढतं आणि मग दिवसभर बाहेर काढत नाही. त्या डोळ्यासाठी मी या घरात कुणालाच माफ केलेलं नाही, आणि वर्षभर गप्प बसलेली मीही त्यात आले. खायला मीच घालते. डावीकडून.