लॅपटॉपचा मुरलेला ताप

जगात यंत्रांवर माया करणारी माणसं पुष्कळ असतील, पण मिक्सरला दम लागला म्हणून चटणीवाचून जेवणारा माणूस एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे. साडूभाऊंची सारी नोकरी भातसानगरला, धरणाच्या दरवाज्यांच्या मोटारी सांभाळण्यात गेली. आता ते टोकावड्याला घरी असतात, पण मोटारी तापण्याची काळजी काही निवृत्त झालेली नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, मिक्सर जरा जास्त फिरवला की हे स्वयंपाकघरात येऊन बटण बंद करतात आणि मिक्सरला हात लावून शेजारी बसून राहतात. मुरबाडहून मोटारसायकलवर आले की आधी ती सावलीला लावायची, मग स्वतः पाणी प्यायचं. एकदा माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत चढताना त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "घाटाच्या आधी हिला जरा बसवनार ना?" ड्रायव्हर म्हणाला, "कोनाला?" तेवढ्यात मागच्या बाईंनी आपल्या म्हाताऱ्या सासूला पुढे केलं आणि तिला खिडकीजवळची जागा मिळाली. एसटी मात्र न थांबता घाट चढली, आणि साडूभाऊ वाटभर हळहळत राहिले.

अशा माणसाच्या घरात सायलीचा लॅपटॉप तापला. सायली ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. लॅपटॉप सुरू केला की आतले पंखे भाताच्या गिरणीसारखे घरघरायला लागत आणि पडद्यावर तापमान दिसे अठ्ठ्याण्णव अंश. मीटिंगमध्ये तिचं बोलणं कुणाला ऐकू येईना. शेवटी साहेबांनी सांगितलं, हा आवाज बंद होत नसेल तर पुण्यालाच येऊन राहा. ते ऐकलं आणि साडूभाऊंनी लॅपटॉपची शुश्रूषाच सुरू केली. माठाशेजारी पाट मांडून त्यावर लॅपटॉप ठेवला, वर स्वतः वारा घालू लागले. पोरीने चार ओळी टाइप केल्या की हे "दम खाऊ दे त्याला" म्हणून झाकण मिटवीत. आकडा काही हलेना. मग शहापूरला निरोप पाठवून मला बोलावून घेतलं, कारण मी तिथे कॉम्प्युटरचे क्लास घेतो.

मी लॅपटॉप खोलला, धूळ झटकली, पंखे पुसले. पुन्हा सुरू केला तर तीच गिरणी आणि तेच अठ्ठ्याण्णव. सहज तळहात टेकवला, तर लॅपटॉप गार, पंख्यातून येणारी हवाही गार.

"साडूभाऊ, हा तापलेलाच नाही," मी म्हणालो. "ताप मोजणारा सेन्सर बिघडलाय."

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "अंग गारच लागनार, साडू. ताप मुरलाय त्याचा. आतला ताप हाताला कळत नाय. आन् आकडा कशाला खोटा बोलंल?"

आकडे बघून धरणाचे दरवाजे उघडण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याशी आकड्यावरून वाद कसा घालणार? तेवढ्यात ताई खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. थंडीने तेल पांढरं गोठलं होतं.

"काल सकाळभर ही बाटली त्याच्यावर ठेवली मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, येवढा तापलाय तर न्हायाच्या आधी तेल तरी इतळंल. थेंब इतळला नाय."

साडूभाऊंनी बाटली घेतली, उपडी केली, स्वतः लॅपटॉपवर ठेवली आणि समोर बसून राहिले. तेल जागचं हललं नाही. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "म्हंजे ह्याला काय झालेलंच नाय?"

"नाही."

"आन् तरी येवढा ओरडतोय?"

"त्याला वाटतंय आपण तापलोय."

"मंग जरा समजूत घाला त्याची," साडूभाऊ म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

बिघडलेला सेन्सर बॅटरीत होता. कल्याणहून नवी बॅटरी आणून बसवली आणि पंखे गप्प झाले. त्याच दुपारी सायलीने दार लोटून मीटिंग सुरू केली. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. आतून तिचा आवाज यायला लागला, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मध्येच कुणाला तरी थांबवून तिने आपलं म्हणणं पुरं केलं. त्या घरघरीत इतके महिने साडूभाऊंना तिचं बोलणं कधी नीट ऐकूच आलं नव्हतं. ताईंनी चहाला हाक मारली, तर त्यांनी हात वर केला. "थांब गो, पोरगी बोलते."

"कळतंय का, काय म्हणतेय ते?" मी विचारलं.

"नाय. पन समदे ऐकतात तिचं."

त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्या क्षणी ते फार आवडले. मग ऐकता ऐकता तो चेहरा हळूहळू उतरत गेला.

"साडू," ते म्हणाले, "येवढं चांगलं बोलते पोरगी. पुन्यावाले हिला किती दिस इथं ऱ्हाऊ देतील?"

आत सायली कशावर तरी हसली, आणि साडूभाऊ जरा सरकून उंबऱ्याच्या जवळ बसले.