गुंडाप्पा वायरमनचं जाकीट

गुंडाप्पा कुठल्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीकडून शिवायचे, मग ती दाराची कडी असो की कुणी पुढे केलेला पेढ्याचा पुडा. तळहाताने धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही, असं सांगायचे. ढोकीच्या शिवारात खांबांवर चढण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले तरी ही सवय गेली नाही, आणि संशय तर मुळीच गेला नाही.

त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांचा जोडीदार, लाइन बंद आहे या कुणाच्या तरी शब्दावर खांबावर चढला आणि तिथंच गेला. खाली शिडी धरून गुंडाप्पाच उभे होते. तेव्हापासून म्हणायचे, "बंद हाय म्हणणाऱ्याचं ऐकू न्हाय, गुरुजी. आपुन टेस्टर लावून बघावं." बायकोने चहात साखर घातली म्हटलं तरी ते चमच्याने ढवळून बघत. हे मी गावभर रंगवून सांगायचो. लोक हसायचे, तेही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी थंडीत त्यांचा दमा बळावला. छाती उबदार ठेवा, नाहीतर पहाटेचं फिरणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. फिरणं बंद झालं तर आप्पा खचतील, हे त्यांच्या लेकीला, शैलाला, कळत होतं. तिने पुण्याहून बॅटरीवर गरम होणारं जाकीट पाठवलं. बटण दाबलं की छातीवर लाल दिवा लागतो आणि अंगाला ऊब येते. आप्पांनी ते आठ दिवस खुंटीला टांगून नुसतं बघितलं. शॉक बसणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. संशय बॅटरीवर होता, मोबाइलची फुगलेली त्यांनी पाहिली होती. "खिशात निखारा घेऊन कोण हिंडतं व्हय?" म्हणाले. मग बॅटरी कपाटात ठेवून रिकामं जाकीट घालून पहाटे माझ्यासोबत फिरायला यायला लागले, आणि फोनवर लेकीला लई गरम हाय म्हणून सांगायचे. छाती मात्र रस्ताभर वाजत असायची. मला रागच यायचा त्यांचा.

संक्रांतीला शैला आली. पहाटे अंगणातच तिने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला आणि काय ते समजली. रागावली नाही. बॅटरी शोधून आणली, जाकीट त्यांच्या अंगातून काढून स्वतः घातलं आणि बटण दाबलं. "कारखान्यापर्यंत जाऊन येऊ, आप्पा. मला काय होतंय ते बघा." आप्पा आत गेले आणि घोंगडी घेऊन आले.

ती पुढे, आम्ही मागे. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, वारा बोचत होता. आप्पांना धाप लागली होती, ओठ थरथरत होते, पण नजर लेकीवरून हलत नव्हती आणि घोंगडीची घडी खांद्यावर तशीच. मी वैतागून म्हटलं, अहो, अंगावर घ्या की ती.

"माझ्यासाठी न्हाय," शैलाला ऐकू जाऊ नये म्हणून ते हळूच म्हणाले. "पेटलंच तर पोरीवर टाकायला हाताशी पायजे."

मला लाज वाटली. कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि तिथून घरापर्यंत आम्ही दोघंही तिच्या पाठीकडे बघत चाललो.

दुसऱ्या दिवशी आप्पा बॅटरीसकट जाकीट घालून दारात उभे होते. मी जवळ जाताच त्यांनी घोंगडी माझ्या खांद्यावर ठेवली.

"आता तुमी मागं चाला, गुरुजी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाय."