घड्याळवाल्यांचा ब्रश

दुकान बंद होऊन बराच काळ लोटला होता, त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसायला लागला होता, तरी गल्लीत त्यांना सगळे घड्याळवालेच म्हणत. "मोबाइल आले आणि घड्याळं गेली," असं ते विचारणाऱ्याला सांगत, आणि समोरचा मान डोलवी, कारण ते खोटंही नव्हतं. पण दुकान काही त्यामुळे बंद झालं नव्हतं. भिंतीवरची घड्याळं येत होती, म्हाताऱ्यांची किल्लीची येत होती. खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. चिमट्यात बारीक स्क्रू धरला की अंगठा आपला आपणच हलायला लागायचा. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही, लेकीला तर नाहीच नाही. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलत आणि दोघींना वाटे, ही म्हातारपणाची नवी तऱ्हा.

धंद्यात असताना त्यांचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाला त्याची चूक दाखवायची नाही. कुणी किल्ली देता देता कमान तोडून आणायचा, कुणी भाजीच्या सुरीने मागचं झाकण उघडून आत भलतंच करून ठेवायचा. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बघत, त्यांना सगळं कळे, आणि भिंग उतरवून ते म्हणत, "जुनी झाली होती हो कमान. तुमचा काही दोष नाही." लेक लहान होती तेव्हा शाळा सुटली की काउंटरमागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं होतं, "बाबा, त्यानंच तोडली ना? मग तुम्ही खोटं का बोललात?"

"घड्याळ तर गेलंच," ते म्हणाले होते. "आता माणसाला कशाला रडवायचं?"

ती लेक, घरातली चिमी, आता मोठी झाली होती आणि घरांचे नकाशे काढायचं काम करत होती. कधी ऑफिसात, बहुतेक वेळा घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर, एका जुन्या डेस्कटॉपवर. कॉम्प्युटर इतका हळू झाला होता की एक जिना काढून वळवायचा म्हटलं तर तेवढ्यात माणूस खरा जिना चढून येईल. नवा घेण्यापेक्षा आतला प्रोसेसर बदलावा असं तिच्या ऑफिसातल्या एका जाणकाराने सुचवलं. ती तो कॉम्प्युटरच्या दुकानात टाकणार होती. तर घड्याळवाले म्हणाले, "दुकानात कशाला? केसाहून बारीक कमानी बसवल्यात मी. हा तर बिस्किटाएवढा तुकडा."

चिमीने त्यांच्याकडे बघितलं. निवृत्त झाल्यापासून वडील दिवसभर खिडकीत बसतात, पेपर दोनदा वाचतात, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "चालेल. आणि हे जमलं ना बाबा, तर माझ्या दोन मैत्रिणींचेही असेच रखडलेत. तुमच्याकडेच देतील."

झालं! म्हातारा आठवडाभर हवेत होता. हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली. चिमटे पुसले गेले, भिंगाची काच चकचकीत झाली, आणि ते बायकोला दोनदा म्हणाले, "खिडकीतलं टेबल मला लागेल हं, कामं यायला लागली की." हात थरथरतो हे ते विसरले नव्हते. पण घड्याळापुढे हे काम म्हणजे दांडगं काम, यात काय थरथरायचंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. हाताला पुन्हा काम मिळणार होतं, आणि त्यांना जगात दुसरं काही नको होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बापलेकीने मिळून कॉम्प्युटरचा पेटारा उघडला. निघालेले स्क्रू त्यांनी वेगवेगळ्या बशांत ठेवले. पंखा काढला, जुन्या प्रोसेसरवरचा, तो तापू नये म्हणून लावलेला राखाडी लेप पुसला, बाजूची खिटी उचलून प्रोसेसर बाहेर घेतला आणि त्यावर पेला उपडा ठेवला, घड्याळाच्या उघड्या यंत्रावर ठेवतात तसा. प्रोसेसरच्या खाली बोर्डावर एक चौकोनी खाच होती. तिच्यात शेकडो पिना उभ्या होत्या, सगळ्या किंचित एका बाजूला झुकलेल्या.

"इथं मात्र बोट लावायचं नाही," चिमी म्हणाली. "काही म्हणजे काही लावायचं नाही."

चिमीने आणलेला नवा प्रोसेसर बसला, त्यावर नवा लेप लावला, पंखा चढला. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, मग एकच ठेवून पाहिली. बोर्डावरचा चपटा सेल काढला, थोडं थांबून परत घातला. पडद्याची वायर बदलली. पडदा ढिम्म. शेवटी चिमी उठली. तो जाणकार सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात येऊन बसायचा, आणि रात्रीपर्यंत नकाशे पाठवायचेच होते. "मी तिथल्या मशीनवर काम करते आणि त्यालाही विचारते. मी फोन करेपर्यंत तुम्ही हात लावू नका हं बाबा."

"नाही लावत गं," ते म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच बोलत होते.

पण समोर उघडं पडलेलं यंत्र आणि ते चालत नाही, हे बघत बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नुसतं बघतो, असं म्हणून त्यांनी पंखा काढला, प्रोसेसर काढला, भिंग लावलं. खाचेच्या कडेला, पिनांच्या मध्ये, राखाडी लेपाचा एक ठिपका पडला होता. सकाळी जुना प्रोसेसर काढताना पडला असणार. त्यांचा जीव एकदम हलका झाला. आयुष्यभर त्यांच्या गुरूने त्यांना आणि त्यांनी स्वतःला एकच सांगितलं होतं, की बंद घड्याळात दहापैकी नऊ वेळा कचरा असतो. आधी धुवायचं, मग दोष शोधायचा. जित्याची खोड ती. त्यांनी खिडकी उघडली, वाटीत घड्याळं धुवायचं थोडं पेट्रोल ओतलं, मऊ केसांचा ब्रश बुडवून झटकला आणि ठिपक्यावरून फिरवला. अलगद. घड्याळाच्या चाकांवर फिरवतात तसा, पुढे आणि मागे.

आतल्या खोलीत फोन वाजत होता. उघडं काम समोर असताना त्यांनी दुकानातही कधी फोन घेतला नव्हता. वाजून वाजून तो थांबला.

ठिपका गेला. खाच लख्ख झाली. ते पेट्रोल उडून जायची वाट बघत बसले असताना बायको फोन घेऊन आली. "अहो, चिमीचा मघापासून फोन येतोय. ऐकू येत नाही का?"

"बाबा, काहीही बिघडलेलं नाहीये!" चिमी हसत होती. "बोर्डाच्या आत एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो आपला फार जुना आहे. नव्या प्रोसेसरला तो ओळखतच नाही. म्हणजे सून दारात उभी आणि सासूला पत्ताच नाही. आपण जुना परत बसवायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा, तो प्रोग्रॅम नवा करायचा, मग नवा बसवायचा. एवढंच. मी आल्यावर करू."

"मी जुना बसवून ठेवतो," ते उत्साहाने म्हणाले. ब्रशाबद्दल बोलले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काय होतं? साफच तर केलं होतं.

त्यांनी पेला उचलला, जुना प्रोसेसर जागेवर ठेवला, खिटी दाबली. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. याच प्रोसेसरवर काल संध्याकाळपर्यंत चिमीने जिने वळवले होते.

पुन्हा सगळं काढून त्यांनी खाचेत भिंगाने पाहिलं, या वेळी नीट. ठिपका होता तिथल्या पिना झोपल्या होत्या. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, दोन एकमेकींना चिकटलेल्या. मऊ केसांचा ब्रश तो, पण या पिनांना तोही भारी पडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीने बजावलं होतं, आणि ते उठून नेमके तिथेच गेले होते.

अजून एक वाट होती. चिमट्याने एकेक पिन उभी करायची. असलं काम त्यांनी हजारदा केलं होतं. त्यांनी श्वास रोखला, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि चिमट्याचं टोक खाली नेलं. टोक हलत होतं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी हलत होतं. भिंगात ते थरथरणं भयंकर मोठं दिसत होतं, एवढं मोठं त्यांनी ते पूर्वी कधी बघितलं नव्हतं. पहिली पिन कशीबशी उठली. दुसरीला धरली आणि ती चिमट्यातच तुटून आली.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. रडू येत होतं आणि येतही नव्हतं. बायको जेवायला हाक मारून गेली, पुन्हा आली, आणि त्यांचा चेहरा बघून ताट झाकून ठेवायला आत गेली.

चिमी आली ती चपला काढता काढताच बोलत होती. टेबलाजवळ आल्यावर थांबली. वाटी होती, ओला ब्रश होता, पेट्रोलचा वास अजून होता. तिने वडिलांच्या हातातलं भिंग घेतलं, लहानपणी घ्यायची तसं डोळ्याला लावलं आणि खाचेवर वाकली. बराच वेळ वाकून बघत राहिली. घड्याळवाल्यांचा उजवा हात टेबलावर उघडा पडला होता आणि हलत होता. तो मांडीखाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

तिने भिंग उतरवलं. एकदा त्या हाताकडे पाहिलं.

"पिना जुन्या झाल्या होत्या हो बाबा," ती म्हणाली. "तुमचा काही दोष नाही."

त्यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. ती बशीतले स्क्रू उगाचच इकडचे तिकडे करत होती. गिऱ्हाइकाच्या जागी ते आयुष्यात पहिल्यांदा बसले होते. गिऱ्हाइकांना खोटं कळायचं की नाही, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. कळत होतं. सगळ्यांना कळत असणार.

"दुरुस्त नाही व्हायचं?" त्यांनी विचारलं. सगळी गिऱ्हाइकं शेवटी हेच विचारत.

"बघू," चिमी म्हणाली.

"आणि तुझ्या मैत्रिणींचे?"

"त्यांनी नवेच घ्यायचं ठरवलं म्हणे." ती खाली बघूनच बोलली. "आजच कळलं."

"बरं केलं," ते म्हणाले. दुकानातून परत जाणारी म्हातारी माणसं डोलवायची तशी त्यांनी मान डोलवली, आणि पेटी पुन्हा माळ्यावर ठेव म्हणून बायकोला हाक मारली.