वेलांटीबाईंचा चौकोन

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे वेलांटीबाई. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा कुणीतरी चिठ्ठीवर ‘वेलांटिबाई’ असं लिहून ती चुकून त्यांच्याच टेबलावर ठेवली. बाईंनी लाल पेनाने पहिलीची दुसरी वेलांटी केली आणि चिठ्ठी परत पाठवून दिली. रागावल्या वगैरे नाहीत.

आमची कंपनी घरगुती यंत्रांबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिका तयार करते. पंखा, गिझर, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं मशीन. खोकं उघडल्या उघडल्या लोक जी बाजूला टाकतात, ती पुस्तिका. ती कुणी वाचत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, बाई सोडून. त्या तिथे मुद्रितशोधनाचं काम करायच्या. छपाईला जाणारा प्रत्येक शब्द त्यांच्या नजरेखालून जायचा. “ज्याला शॉक बसायचाय तोच नेमका वाचेल,” असं त्या म्हणायच्या. लिफ्टवर ‘लिफ्ट बंध आहे’ अशी पाटी लागली तर लिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाटी दुरुस्त झालेली असायची.

मी तिथला संगणकवाला. चौदा वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज घेऊन आलो तेव्हा तो आधी बाईंच्या हातात पडला. एका पानात अकरा चुका. त्यांनी मला समोर बसवलं.

“संगणक दुरुस्त करता येतो ना? मग हा अर्जही करता येईल. बस, लिही पुन्हा.”

मी लिहिला. त्या शेजारी बसून सांगत होत्या, “शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती दुसरी, उकार आला की दुसरा. एवढं लक्षात ठेवलंस तरी निम्म्या चुका जातील.” तो दुसरा अर्ज पाहून मला कामावर घेतलं. तेव्हापासून त्या मला ‘अरे-तुरे’ करत, आणि मला ते आवडायचं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण वारली, तेव्हा तिची सहा वर्षांची मुलगी त्यांनी आणली आणि वाढवली. ती भाची आता एका दवाखान्यात नर्स आहे.

गेल्या वर्षी कंपनीचे मालक बदलले आणि नवे साहेब आले. त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं.

“सगळ्यांच्या संगणकात एक सॉफ्टवेअर घालायचं आहे. कुणाला दिसणार नाही. कोण काय करतंय ते तुमच्या पडद्यावर दिसेल. दर शुक्रवारी मला अहवाल द्यायचा.”

“लोकांना सांगायचं का, सर?”

“कामावर घेताना सही केलेल्या कागदात आहे ते. पान नऊ.”

त्यांनी आणखी एक कागद पुढे सरकवला. यातलं काही मी कुणाशी बोलणार नाही, असं त्यात होतं. मी सही केली. माझ्या धाकट्या मुलीला दमा आहे आणि तिचा इलाज कंपनीच्या विम्यावर चालतो. सबब म्हणून सांगत नाही, पण तेव्हा डोक्यात तेच होतं.

माझ्या पडद्यावर अडतीस चौकोन उमटले. प्रत्येक चौकोनात एकेकाचा संगणक, जसाच्या तसा. दर पाच मिनिटांनी त्याचं चित्र आपोआप साठवलं जायचं. कोण किती वेळा कळा दाबतं, कोण किती वेळ हात बांधून बसतं, सगळं टिपलं जायचं आणि त्यावरून रंग ठरायचा. हिरवा म्हणजे बरं, लाल म्हणजे साहेबांपुढे पेशी. सुरुवातीला मला लोकांच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू मजाही वाटायला लागली, हे कबूल केलं पाहिजे. छपाई विभागाचे प्रमुख रोज दुपारी टक्कल घालवायचे उपाय शोधायचे. चित्रं काढणारी एक मुलगी दर सोमवारी राजीनामा लिहायची, चांगला पानभर, आणि मंगळवारी पुसून टाकायची. पुढे पुढे तर मी चहा पिता पिता ते चौकोन बघू लागलो, रस्त्यावरची रहदारी बघावी तसे.

मग एका आठवड्यात बाईंचा चौकोन लाल पडू लागला, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

पंपाच्या पुस्तिकेचं तेच पान दिवसभर उघडं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते संपवलं, बंद केलं, आणि तासाभराने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, फाईल बिघडली असेल. काय गडबड आहे ते पाहायला मी साठवलेली चित्रं मागे मागे नेत गेलो, तेव्हा त्यांची दुसरी एक फाईल दिसली. तिचं नाव होतं ‘जुने नियम’. आत नियम नव्हते.

‘लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडे. आपलं टेबल खिडकीजवळचं.’

‘पंपाची पुस्तिका झाली आहे. पुन्हा उघडू नये.’

‘समोरची ठेंगणी मुलगी. आईचं ऑपरेशन झालं. चौकशी करणे.’

‘संगणकवाला. दोन मुली. धाकटीला दमा.’

आणि खाली: ‘शेवटची वेलांटी दुसरी. शेवटची वेलांटी दुसरी.’ हे त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

मी खुर्चीत मागे टेकलो. काचेपलीकडे, वीसेक पावलांवर, बाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. चष्मा नाकावर, लाल पेन कानामागे. बघणाऱ्याला कसलीही शंका आली नसती.

त्या शुक्रवारी अहवाल पाठवण्याआधी मी एक गोष्ट केली. सॉफ्टवेअरमध्ये नादुरुस्त संगणकांसाठी एक वेगळी यादी असते. त्या यादीतले संगणक अहवालात येत नाहीत. बाईंचा संगणक मी त्या यादीत टाकला. विचार केला, चार दिवस मिळतील, तोवर काहीतरी मार्ग निघेल. मार्ग म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “त्यांच्या भाचीला फोन कर.” मी म्हटलं, “आणि मला कसं कळलं म्हणून सांगू?”

शेवटी एका दुपारी डबा घेऊन बाईंच्या टेबलाशी गेलो.

“बाई, तब्येत बरी आहे ना?”

“का रे? वाईट दिसते का?”

“तसं नाही. जरा दमल्यासारख्या वाटता. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. आता वयही…”

“वयाचं काय?” त्यांनी चष्मा काढला. “तुला कुणी काही म्हणालं का?”

“नाही, नाही. आपलं सहज.”

“सहज,” त्या म्हणाल्या. मग हसल्या आणि माझ्या डब्यातल्या चमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “जेव आधी. गार होतंय.”

मला वाटलं, निदान कानावर घातलं. जागेवर येऊन बसलो. थोड्या वेळाने त्यांच्या चौकोनात ती फाईल उघडली आणि एकेक अक्षर उमटायला लागलं.

‘संगणकवाल्याला संशय आला आहे. त्याच्यासमोर जपून राहावं.’

त्यानंतर बाई माझ्याशी फार नीट, फार मोजकं बोलू लागल्या. मी समोरून आलो की हातातला कागद वाचायच्या. मी काही बोललो तर उत्तर द्यायला क्षणभर थांबायच्या, आणि त्या क्षणात त्या काय करताहेत हे मला कळायचं. माझ्या मुलींची चौकशी तेवढी न चुकता करायच्या. एकदा तर एकाच सकाळी दोनदा केली. मी दोन्ही वेळा सारखंच उत्तर दिलं.

चार दिवसांचे चार महिने झाले. दर शुक्रवारी मी तो संगणक नादुरुस्तांच्या यादीतच राहू दिला. भाचीचा नंबर काढून ठेवला होता. दोनदा लावला आणि घंटा वाजायच्या आत तोडला. संध्याकाळी बाई गेल्यावर त्यांचं काम उघडून बघायचो, वाटायचं आपण चुका काढू. पण मला कुठे चुका दिसणार? मी तोच, एका पानात अकरा करणारा.

मग गिझरची पुस्तिका छापून आली. ‘पाणी भरल्यानंतरच बटण चालू करावे’ याऐवजी त्यात ‘पाणी भरण्याआधीच बटण चालू करावे’ असं छापलं होतं. नशीब म्हणायचं, एका दुकानदाराने खोकं ग्राहकाला देण्याआधी पान चाळलं आणि फोन केला. कुणाला इजा झाली नाही. सगळ्या पुस्तिका परत मागवून रद्दीत घातल्या. साहेबांनी मला विचारलं, “या बाईंचा संगणक चार महिने नादुरुस्त कसा?”

मी खुर्चीतून उठलो. त्यांनी माझ्याच खुर्चीत बसून सगळी चित्रं बघितली. मी बाजूला उभा होतो. ‘जुने नियम’ आलं तेव्हा त्यांनी उठून दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. साहेबांनी हलक्या आवाजात सुरुवात केली, पण बाईंना पुस्तिकेचं पटेना. “मी असं सोडणारच नाही,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. शेवटी साहेबांनी मोठ्या पडद्यावर ती फाईल लावली.

बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मुद्रितं वाचायच्या तशी, सावकाश. मग विचारलं, “हे कुणी कुणी वाचलंय?”

“मी,” मी म्हणालो. “आणि काल सरांनी.”

“तू कधीपासून?”

“चार महिने झाले.”

“म्हणजे डबा घेऊन आलास, तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगणार नाही म्हणून सही केली होती, बाई.”

त्यांनी मान हलवली, एखादी तांत्रिक अडचण समजून घ्यावी तशी. पर्स उचलली. दारापाशी जाऊन त्या थांबल्या, आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. लिफ्ट कुठल्या बाजूला आहे हे मला माहीत होतं, पण मी खुर्चीतून उठलो नाही. साहेब उठले आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले.

त्या परत आल्या नाहीत. मला समजपत्र मिळालं. काढून टाकलं नाही, कारण ते सॉफ्टवेअर चालवता येणारं दुसरं कुणी नव्हतं. दर शुक्रवारी मी अहवाल देतो. बाईंच्या जागी आता एक तरुण मुलगा बसतो. त्याचा चौकोन कायम हिरवा असतो. पुस्तिका मात्र चुकांनी भरलेल्या असतात, असं ठेंगणी मुलगी म्हणते. मला त्यातलं कळत नाही.

पाच महिन्यांनी भाचीचा फोन आला; झालेलं सगळं तिला बाईंकडून कळलं होतं. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीला लागून पुस्तकं, खिडकीपाशी टेबलावर संगणक. बाई तिथेच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “ये. धाकटीचा दमा कसा आहे?” त्यांना आठवलं, की कुठे लिहून ठेवलेलं वाचलं, मला कळलं नाही.

भाचीने मला स्वयंपाकघरात नेलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“दादा, डॉक्टरांना मी विचारलं. चार महिन्यांनी फार फरक पडला नसता, असं ते म्हणाले. पण ते चार महिने आम्हाला हवे होते. तेव्हा ती बरीचशी पूर्वीसारखी होती.”

“दोनदा फोन लावला होता,” मी म्हणालो.

“त्यासाठी बोलावलं नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “मी दिवसभर ड्युटीवर असते. ती संगणकावर बसून लोकांना पत्रं पाठवते. मागच्या आठवड्यात कुणा अनोळखी माणसाने गोड बोलून घरचा पत्ता विचारला, मी किती वाजता बाहेर पडते तेही विचारलं. तिने सगळं कळवलं, अगदी शुद्ध भाषेत. ते तुमच्याकडे आहे ना, लांबून बघायचं? ते इथे घालून द्या. मला माझ्या फोनवर दिसेल असं.”

“संगणकच काढून घेतला तर?”

“घेतला होता. दोन दिवस भिंतीकडे बघत बसून राहिली.”

मी म्हटलं, “त्यांना विचारल्याशिवाय नाही घालणार.” भाचीने डोळे मिटून घेतले, मग म्हणाली, “विचारा.”

मी बाहेर आलो. बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि जे आहे ते सरळ सांगितलं. काय घालणार, कोणाला दिसणार, कशासाठी. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी माझा एक शब्द दुरुस्तही केला. माझं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या भाचीकडे.

“मी नको म्हटलं, तर घालणार नाही?”

भाची काही बोलली नाही. मीही बोललो नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि खुर्ची मागे घेऊन मला जागा करून दिली.

अर्ध्या तासाचं काम होतं.