दुसऱ्या फेरीचे नमुने

सगळी वस्ती त्यांना काडीवाल्या बाई म्हणायची. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. बिथरलेलं मांजर काखेत दाबून एका हाताने त्याचं तोंड उघडावं तर ते बाईंनीच. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर मांजरांच्या सर्दीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यांना दवाखान्याकडून मागून घेतलं. काम ऐकायला सोपं होतं. साठ घरांतली साठ धडधाकट मांजरं. दर दोन महिन्यांनी प्रत्येकाच्या घशातून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत बंद करायची आणि बर्फाच्या डब्यातून संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. वरून ठणठणीत दिसणाऱ्या मांजरांपैकी कितीजण सर्दीचा विषाणू बाळगून हिंडतात, ते मॅडमना शोधायचं होतं.

"माणसं खोकून खोकून बेजार झाली तरी कुणी विचारत नाही," सासूबाई म्हणायच्या, "आणि हिला मांजरांच्या शिंका मोजायला नेमलंय!"

बाई हसून सोडून द्यायच्या, पण या कामाने त्यांना पार मेटाकुटीला आणलं. ठरल्या वेळी जावं तर मांजर गच्चीवर. मांजर घरात असावं तर मालक गायब. एकीने तर स्वच्छ सांगितलं, "आमचा बोका ओळख झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. चार दिवस नुसत्या येऊन बसा." बाई खरोखरच चार दिवस जाऊन बसल्या. पाचव्या दिवशी त्याने ओळख ठेवून चावा घेतला.

त्यात टॉवेलचं रडगाणं. मांजर गुंडाळायला प्रत्येक घरी वेगळा, ब्लीचमध्ये धुतलेला टॉवेल वापरायचा, असं सूचनांच्या कागदावर छापलेलं. घरं दिवसाला आठ आणि हातात टॉवेल चार. आणखी मागायला गेलं की भांडारातले साहेब दर खेपेला चष्म्यावरून बघायचे.

"मागणी पुढे गेलीय."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे."

शेवटी बाईंनी आपल्यापुरता तोडगा काढला. एका घरी टॉवेलची एक बाजू, दुसऱ्या घरी दुसरी, आणि मध्ये हात निर्जंतुक करायच्या औषधाचा फवारा. रात्री घरी नेऊन साबणाने धुवायचे. मनाला टोचत होतं, पण फेरी पुरी करायची होती.

पहिल्या फेरीत साठांपैकी नऊ मांजरांत विषाणू सापडला. दुसऱ्या फेरीत एकवीस. मॅडमना आकाश ठेंगणं झालं. "वस्तीत साथ पसरतेय, तीही आपल्या डोळ्यांदेखत!" असं म्हणत त्या परिषदेत वाचायचा निबंध लिहायलाही बसल्या.

त्याच आठवड्यात बाईंना एका म्हाताऱ्या शिंपीकाकांचा फोन आला. दुकान बंद केल्यापासून काकांना सोबत म्हणून ती एक मांजरच होती. "बाई, तुम्ही येऊन गेल्यापासून हिने खाणं सोडलंय हो. जिभेवर फोड उठलेत."

तुम्ही येऊन गेल्यापासून. एवढेच शब्द बाईंच्या डोक्यात घोळत राहिले. संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपली भेटींची वही आणि निकालांची यादी शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या फेरीत नव्याने सापडलेली मांजरं बारा. त्यांतल्या सातांच्या लगेच आधी, पहिल्या फेरीत, त्याच टॉवेलात विषाणूवालं मांजर गुंडाळलेलं होतं. काकांच्या मांजरीआधी या खेपेला शेजारचा बोका होता. त्याचं नावही विषाणूवाल्यांच्या यादीत होतंच. बाईंनी वही आणि यादी नवऱ्यापुढे सरकवली.

"कुणी विचारलंय का तुला?" नवरा म्हणाला. "मग गप्प बस. आपणहून सुळावर कशाला चढतेस?"

दुसऱ्या दिवशी बाई काकांच्या मांजरीला गुंडाळलेला टॉवेल पिशवीत बंद करून मॅडमपुढे उभ्या राहिल्या. "याची तपासणी करा."

सगळं ऐकून मॅडमचा चेहरा पडला, मग लाल झाला. "फवाऱ्याने हा विषाणू मरत नाही, बाई! ब्लीच लागतं. कागदावर लिहिलं होतं ना?"

"कागदावर तर टॉवेलही आठ होते, मॅडम."

तीन दिवसांनी निकाल आला. टॉवेलावर विषाणू होता. दुसरी फेरी अख्खी बाद झाली, निबंध बारगळला. आणि त्या सोमवारी भांडारातून चाळीस टॉवेल आले, नवे कोरे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. बाईंना ते गठ्ठे साहेबांच्या टेबलावर आपटावेसे वाटले. त्यांनी मुकाट्याने सही करून ते घेतले, त्याचा राग त्यांना जास्त आला.

शिंपीकाकांकडे त्या माफी मागायला गेल्या. काका मांडीवर मांजर घेऊन बिनसुईच्या सिरिंजने तिला थेंब थेंब पातळ खाणं भरवत होते. अर्धं त्यांच्याच बाहीवर सांडत होतं. बाईंनी सिरिंज हातात घेतली आणि पुढचे नऊ दिवस रोज ब्लीचने हात धुऊन, घरून वेगळे कपडे नेऊन तिला भरवलं. दहाव्या दिवशी मांजर आपणहून बशीकडे गेली. काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "तुमचे उपकार झाले. पण आता काडी घेऊन येऊ नका."

बाकीच्या घरांतही बाईंनीच जाऊन सांगितलं. साठातली बावीस घरं गळाली. काहींनी दारातूनच परत पाठवलं, एकीने तर मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ताशेरे ओढले.

वरच्या कचेरीला पाठवायचा अहवाल मॅडमनी त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवला. 'नमुने गोळा करणाऱ्यांच्या हलगर्जीमुळे दुसरी फेरी वगळण्यात आली.'

"हलगर्जी माझी आहेच," बाई म्हणाल्या. "पण एकटीची नाही. टॉवेल दिले नव्हते, हेही लिहा."

"भांडार त्याच कचेरीच्या हाताखाली आहे, ठाऊक आहे ना? असं लिहिलं तर पुढचं काम मिळणार नाही, तुम्हाला पण आणि मला पण."

बाईंनी पेन उचललं आणि सहीच्या वर आपल्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : घरे रोज आठ, टॉवेल चार, मागणी तीन वेळा केली.

मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला आणि खणात ठेवला. तो तसाच वर गेला की नवा टाइप झाला, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. अडतीस मांजरांची फेरी मात्र पुढच्या सोमवारी पहिल्यापासून सुरू झाली.